शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या चुकीची वाट बघण्यात जातं. बाकीची माणसं गाडीत बसली की कुठेतरी पोहोचतात. हा माणूस सकाळी निघतो, दिवसभर जीव मुठीत धरून फिरतो आणि संध्याकाळी निघाला होता तिथेच परत येतो. मधल्या वेळात चार-सहा सज्जन माणसं त्याला ठार मारायचा प्रामाणिक प्रयत्न करून जातात आणि उतरताना वर 'थँक्यू सर' म्हणतात.

हळूमास्तरांनी पंचवीसेक वर्षं हे असं काढलं. 'हळूमास्तर' हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते शिष्यांनी ठेवलेलं. शिकणारा गिअर टाको, वळण घेवो की गाडी बंद ठेवून नुसता शिंको, मास्तरांच्या तोंडून 'हळू' निघायचंच. घरी भाजी वाढतानाही ते बायकोला "हळू" म्हणत, आणि ती म्हणे, "डाव आहे हा, ट्रक नाही."

मोटार शिकवायच्या शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. स्टिअरिंग धरून बसलेल्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. खरी गाडी शेजारच्या माणसाच्या उजव्या पायात असते. दुसऱ्या शाळांतले मास्तर हा ब्रेक धाडकन मारायचे आणि वर खेकसायचे. हळूमास्तरांची तऱ्हा वेगळी. ते पाय असा अलगद टेकवायचे की शिकणाऱ्याला पत्ताही लागू नये. गाडी थांबायची, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "छान. वेळेवर थांबवलीत."

शिकणारा फुगायचा. घरी जाऊन सांगायचा, आज एक म्हातारा आडवा आला, पण मी काय ब्रेक मारलाय. मास्तरांना कुणी म्हणालं की ही फसवणूक झाली, तर ते म्हणत, "आपल्याला थांबवता येतं असं ज्याला वाटतं, तोच पुढे खरोखर थांबवायला शिकतो. घाबरलेल्याला शिकवून बघा एकदा. त्याला तिन्ही पेडल सारखेच दिसतात." त्या भागात निम्म्या माणसांना त्यांनी अशी खोटी शाबासकी देत देत खरी गाडी शिकवली.

शिकायची राहिली ती एकच, मास्तरीणबाई. लग्नानंतर नव्या नवलाईत मास्तरांनी तिला गाडीत बसवलं होतं. पहिल्या दिवशी दोघं हसत परतली, दुसऱ्या दिवशी गप्प परतली आणि तिसऱ्या दिवशी ती रिक्षाने परतली. त्यानंतर संसार आणि ड्रायव्हिंग यातलं एकच काहीतरी टिकेल हे दोघांनाही कळलं, आणि संसार ठेवायचं ठरलं.

चारेक वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर होता. डॉक्टरांनी किरणांचे उपचार दिले. रोज टेबलावर आडवं करायचं, चेहऱ्यावर आणि मानेवर जाळीचा प्लास्टिकचा मुखवटा चढवायचा, तो टेबलाला अडकवायचा आणि माणूस तसूभर हलणार नाही अशी व्यवस्था करून सगळ्यांनी खोलीबाहेर पळून जायचं. "जन्मभर लोकांना सीटबेल्ट लावा म्हणून सांगितलं," मास्तर म्हणायचे, "शेवटी मला तोंडाला लावला." घसा सोलवटला, चव गेली, तोंडातली थुंकी आटली ती आटलीच. पण गाठ गेली. मास्तर उठले, पाण्याची बाटली गाडीत कायमची ठेवून पुन्हा शेजारच्या सीटवर बसले. आवाज तेवढा घोगरा झाला होता. आता त्यांचं 'हळू' इतकं हळू यायचं की ते ऐकायला शिकणाऱ्याला गाडी हळूच करावी लागे.

दोन वर्षं चांगली गेली. मग एके दिवशी गाडीने मास्तरांना शॉक दिला.

निदान त्यांना तसं वाटलं. एका पोराला क्लच सापडत नव्हता, म्हणून त्याचे पाय बघायला मास्तरांनी मान खाली घातली, आणि मानेतून एक सणसणीत करंट निघाला तो पाठीतून थेट टाचांपर्यंत गेला. मान वर केली, बंद. पुन्हा खाली घातली, पुन्हा करंट. मास्तर उतरले ते तडक मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये.

"डॅशबोर्डखाली वायर उघडी पडलीय. वाकलं की धरते."

मिस्त्री त्यांच्या शाळेच्या गाडीचा जुना डॉक्टर. त्याने सगळी वायरिंग काढली, टेप लावली, फ्यूज बदलले. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा हजर. रबरी तळाचे बूट घालून आले होते. मिस्त्रीने सीट काढली, बॅटरी काढली, मग स्वतः मास्तरांच्या जागी बसून डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि तिथेच थोडा वेळ राहिला.

"मला तर झोप यायला लागली," तो आतून म्हणाला. "करंटबिरंट काही नाही. मास्तर, तुम्ही जरा इकडे या. इथे उभ्या उभ्या, गाडीला हात न लावता, खाली बघा."

मास्तरांनी गॅरेजच्या फरशीवर उभं राहून हनुवटी छातीला लावली. पाठीतून वीज गेली. त्यांनी शेजारचं टेबल धरलं.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. थट्टा करायला म्हणून त्याने तोंड उघडलं होतं, पण मास्तरांचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "गाडी चांगली आहे, मास्तर. हे तुमच्यात आहे. दाखवून घ्या कुणाला तरी."

मास्तरांनी कुणाला दाखवलं नाही. ज्याला एकदा कॅन्सर होऊन गेला त्याला कुठलंही दुखणं स्वतःच्या नावाने येत नाही. खोकला आला तरी तो आधी 'तोच तर नव्हे' म्हणून दार वाजवतो. दार उघडलंच नाही तर आत कोण येतंय, असा मास्तरांचा हिशेब. ते मान ताठ ठेवून वावरू लागले. शिष्यांना वाटलं, मास्तरांना मान आला.

मग आंघोळीचं झालं. मास्तर पाण्याचा अंदाज डाव्या पायावर तांब्या ओतून घ्यायचे. त्या दिवशी ओतलं, पाणी बरं वाटलं, उरलेलं अंगावर घेतलं आणि ते ओरडले. मास्तरीणबाई धावत आल्या. डावं पाऊल लालभडक झालं होतं.

"अहो, एवढं कढत पाणी, कळलं कसं नाही?"

"घाईत होतो."

"तुम्ही? घाईत?" मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस आयुष्यात एकदाही घाईत नव्हता.

डाव्या पायाला गरम-थंड कळेना, आणि उजव्याचं निराळंच. उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी निसटून जायची आणि मास्तर तसेच पुढे जायचे. मागून कुणीतरी आणून द्यायचं. हे सगळं त्यांनी वयावर ढकललं. वयाला काय, ते काहीही अंगावर घेतं.

आणि मग तो चौक. गाडी चालवत होती एक शाळेतली शिक्षिका, चाळिशीची, अभ्यासू बाई. चौकात डावीकडून दुधाची गाडी सिग्नल मोडून आली. मास्तरांचं लक्ष होतंच. त्यांनी उजवा पाय नेहमीसारखा अलगद दाबला. गाडी दुधाच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छान. वेळेवर थांबवलीत."

बाईंनी स्टिअरिंग अजून घट्ट धरलं होतं. "सर, माझ्याकडून कसली थांबतेय. तुम्ही ब्रेक मारलात म्हणून वाचलो."

मास्तरांनी मान न वाकवता नुसते डोळे खाली नेले. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर नव्हता. तो ब्रेकच्या शेजारी, रबराच्या चटईवर होता, आणि सगळा जोर लावून चटई दाबत होता. बाईंनीच गाडी थांबवली होती. शाबासकी त्यांची होती, अगदी खरी, आणि ती त्यांना पटत नव्हती.

मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. बाईंना म्हणाले, आज इथेच थांबू. गाडी तिथेच लावून ते चालत घरी गेले, आणि वाटेत त्यांची चप्पल निसटली नाही, कारण प्रत्येक पावलाला ते थांबून बघत होते.

घरी मास्तरीणबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मास्तर समोर बसले. "आज मी एका बाईला मारलं असतं," ते म्हणाले, आणि करंटपासून चटईपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मास्तरीणबाईंनी हातातली घडी पुरी केली. "संपलं?"

"संपलं."

"वायरिंग दोनदा उघडलीत गाडीची. बायकोला एकदा सांगता आलं नाही. उठा, बूट घाला."

हॉस्पिटलात मानेचे आणि पाठीचे फोटो निघाले, त्या मोठ्या बोगद्यासारख्या यंत्रातले, हातात सुई लावून औषध सोडून. मास्तर आत ठकठक ऐकत पडून होते आणि मनात एकच वाक्य पाठ करत होते. तिथल्या डॉक्टरीणबाई फोटो बघून समोर आल्या तेव्हा तेच बाहेर पडलं.

"परत आलाय का तो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही. सगळं नीट बघितलं."

मास्तरीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला. मास्तर म्हणाले, "मग झालं. मग चला."

"बसा जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर मानेचं चित्र दाखवलं. मणक्यांच्या मधून एक करडी दोरी जात होती, आणि एका ठिकाणी ती फुगून पांढुरकी झाली होती. "हा मज्जारज्जू. मेंदूचा निरोप पायापर्यंत आणि पायाचा मेंदूपर्यंत इथून जातो. तुमची गाठ याच्या शेजारीच होती. किरण देताना याला जपलं होतं, मी जुने कागद सगळे काढून बघितले, कुणाची चूक दिसत नाही. तरी फार थोड्या लोकांत पुढे याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरायला लागतात, आणि सूज येते. एका बाजूच्या पायाला आपण कुठे आहोत ते कळत नाही, दुसऱ्याला गरम-थंड कळत नाही. तुमचं अगदी तसंच आहे."

"दोन वर्षांनी?" मास्तर म्हणाले. "आमच्याकडे लायसन्सलासुद्धा एवढा उशीर होत नाही."

"याला होतो. याचा त्रासच हा आहे, की सगळे विसरून गेल्यावर येतो."

"म्हणजे ज्यानं वाचवलं त्यानंच."

"हो."

मग मास्तरीणबाईंनी विचारलं, "औषध काय यावर?"

डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की या दुखण्याचं पक्कं ठरलेलं औषध नाही, रुग्णच इतके थोडे असतात की कुणाला खात्रीने काही म्हणता येत नाही. सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या आवरायला शिरेतून एक औषध, काही आठवड्यांच्या अंतराने. त्याने काहींना फरक पडला आहे, काहींना नाही. दाबाखाली ऑक्सिजन द्यायची एक पद्धत आहे, तिचाही भरवसा अर्धाच, पण करून बघता येईल. आणि व्यायाम, तो मात्र रोज. "गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. आहे तिथे थांबवणं, हे आपलं काम."

मास्तर हसले. "थांबवणं हा आमचाच धंदा." मग त्यांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. "मला पुन्हा त्या सीटवर बसता येईल?"

"ते आत्ता विचारू नका," त्या म्हणाल्या.

पण मास्तर पुढचे सगळे महिने तेच विचारत राहिले. कुणाला नाही, स्वतःला.

स्टिरॉइड सुरू झाल्यावर त्यांना भूक लागली. साधी नव्हे. ते जेवून उठायचे आणि हात धुताना पुढच्या जेवणाची चौकशी करायचे. रक्तातली साखर वाढली, म्हणून तिच्याही गोळ्या आल्या. चेहरा गोल झाला, झोप उडाली आणि स्वभावाने आजवर दाबून ठेवलेले सगळे ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले. फॅन हळू फिरतो म्हणून हळूमास्तर फॅनवर ओरडले, हे ऐकून मिस्त्री मुद्दाम बघायला आला.

ऑक्सिजनसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, तेही जवळजवळ रोज. मास्तरांची गाडी अंगणात उभी आणि मास्तर बसच्या पायरीवर पाय सापडेना म्हणून अडकलेले, असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी गाडी शिकते."

मास्तरांचा चेहरा उजळला. "सकाळीच सुरू करू. मी तोंडी—"

"तुमच्याकडे नाही. तुमच्याकडून शिकले तर दोघांनाही ऑक्सिजन लागेल. मी रिव्हर्सकडे जाते."

हा घाव खोल होता. रिव्हर्स म्हणजे मास्तरांचाच एके काळचा शिष्य. पहिला गिअर म्हणून दर वेळी हमखास रिव्हर्स टाकायचा, म्हणून हे नाव. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाला, चौथ्यांदा पास झाला आणि मागच्या गल्लीत स्वतःची शाळा काढली. मास्तरीणबाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो खुर्चीवरून उठला.

"काकू, मास्तरांना कळलं तर ते मला मारतील."

"त्यांनीच रस्ता सांगितलाय. तू फक्त शिकव, आणि खरं सांग. चुकले तर चुकले म्हण."

रिव्हर्सने खरं सांगितलं, बरंच सांगितलं, आणि मास्तरीणबाई शिकल्या. मास्तर त्या काळात घरी बसून बाहेर गाडीचा आवाज ऐकायचे आणि गिअर चुकला की भिंतीकडे बघून डोळे मिटायचे.

लायसन्स आल्यावर मास्तरीणबाई त्यांना शाळेच्या गाडीतून नेऊ लागल्या. मास्तर शेजारच्या सीटवर बसत, दोन्ही पाय मागे ओढून घेत, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी एक नियम पाळला: बोलायचं नाही. तो पाळताना त्यांच्या मानेच्या शिरा दिसायच्या. एकदाच मास्तरीणबाई म्हणाल्या, "बोला काय ते. नाहीतर फुटाल." मास्तर म्हणाले, "काही नाही. चांगली चालवतेस." आणि हे खरंच होतं, म्हणून त्यांना ते म्हणायला इतका वेळ लागला.

ऑक्सिजनच्या खोलीत जाण्याआधी नर्स खिसे तपासायची. घड्याळ नको, फोन नको, डोक्याला तेल नको, सुती कपडेच घाला. आत दाब वाढला की कानात दडे बसायचे. "गिळत राहा काका," नर्स काचेबाहेरून सांगायची. गिळायला मास्तरांच्या तोंडात थुंकी कुठून येणार. मग तिने सांगितलं, जांभया द्या. मास्तर आत बसून जांभयांवर जांभया देत. "आयुष्यात पहिल्यांदा," ते म्हणाले, "मी जांभई दिली आणि कुणीतरी छान म्हणालं."

व्यायाम शिकवायला एक मुलगी होती. दोन समांतर दांड्या, मध्ये मास्तर, मास्तरांच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याचं टोक मागून तिच्या हातात.

"काका, पाऊल टाकताना पायाकडे बघा."

"ते नाही जमणार. पायाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं, हे मी हजार लोकांना ओरडून सांगितलंय."

"त्यांच्या पायांना आपण कुठे आहोत ते कळत होतं. तुमच्या उजव्याला कळत नाही. त्याला डोळ्यांनी सांगायला लागेल."

मास्तरांनी खाली बघितलं. पाठीतून वीज गेली आणि गुडघा वाकला. मुलीने पट्ट्याने सावरलं.

"बघितलं तर करंट, नाही बघितलं तर पाय हरवतो," मास्तर दांडी घट्ट धरून म्हणाले. "आता कोणता गिअर टाकू सांगा."

मुलीने विचार केला. मग कोपऱ्यातला उंच आरसा ओढत आणून दांड्यांच्या टोकाला उभा केला. मास्तरांनी मान ताठ ठेवून आरशात बघितलं. त्यांचा पाय तिथे दिसत होता, जरा तिरका पडलेला. त्यांनी तो सरळ केला. आरशात बघून पुढे जायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवशी ते दांड्यांच्या टोकापर्यंत गेले. मध्येच एकदा तोल गेला आणि लगेच सावरला.

"आत्ता तुम्ही मला ओढलंत," मास्तर आरशातल्या तिला म्हणाले.

"छे, काका. तुम्हीच सावरलात."

"बाळा," मास्तर म्हणाले, "हा माझा धंदा आहे. मला नको सांगूस."

ती हसली. मास्तरही हसले, पण पट्टा सुटेपर्यंत त्यांचे डोळे आरशातल्या तिच्या हातावर होते.

हळूहळू फरक पडला. करंट सौम्य झाला, मग क्वचित येऊ लागला. उजव्या पायात जोर आला. काठी घेऊन मास्तर कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागले. डाव्या पायाला गरम-थंड कळलं नाही ते नाहीच. आंघोळीचं पाणी आता मास्तरीणबाई हात घालून बघायच्या. पुन्हा फोटो निघाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्यातली फुगीर जागा नव्यात बरीच बसली होती.

"थांबलंय," त्या म्हणाल्या. "आपल्याला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं. पाय आणखी फार सुधारेल असं नाही वाटत, पण बिघडत नाहीये."

"मग ब्रेक?"

"जोर आहे. पण जोर असणं वेगळं आणि पाय कुठे पडला ते कळणं वेगळं. मला विचाराल तर नको." त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "तुमचं माझ्या सांगण्यानं समाधान होणार नाही, दिसतंय मला. निदान उभ्या गाडीत करून बघा. आणि जे होईल ते मला खरं सांगा."

त्याच संध्याकाळी मास्तरांनी गाडी मैदानावर न्यायला लावली. रिकामी पिंपं रांगेत ठेवून जिथे ते लोकांना रिव्हर्स शिकवायचे ते मैदान. कुणी नव्हतं. उजेड उतरत होता. मास्तरीणबाईंनी गाडी बंद करून चाकाला दगड लावला.

"तू मागे उभी राहा," मास्तर म्हणाले. "मी ब्रेक दाबतो. मागचा लाल दिवा लागला की लागला म्हण. नाही लागला तर नाही म्हण. मी खाली बघणार नाही, आरशात बघणार नाही. रस्त्यावर बघतो तसा समोर बघणार."

त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी कपडे नीट केले, शेजारच्या सीटला पाठ टेकली, पाय मागे घेतले. समोर पिंपांच्या पलीकडे भिंत होती. त्यांनी मनातल्या मनात तिथे दुधाची गाडी आणली आणि उजवा पाय पुढे टाकला.

"लागला," मागून आवाज आला.

पुन्हा.

"लागला."

मास्तरांच्या पायाला काही कळलं नव्हतं. गुडघ्याला काहीतरी जड लागल्यासारखं वाटलं, एवढंच. त्यांनी पुन्हा दाबला.

"लागला." या वेळी आवाज जरा लवकर आला होता.

मास्तर थांबले. समोरची भिंत अंधुक होत चालली होती. त्यांनी पाय मागे घेतला, दोन्ही हात उजव्या मांडीवर ठेवले, ती खाली धरली आणि पाय जागचा हलू दिला नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"लागला."

थोडा वेळ गेला. पाय तसाच होता, हातांखाली.

"आणि आता?"

"लागला की."

मास्तरांनी शेजारचं दार उघडलं. "इकडे ये."

मास्तरीणबाई चालत पुढे आल्या, दाराशी उभ्या राहिल्या.

"शेवटच्या दोन वेळा मी पाय उचललाच नव्हता," मास्तर म्हणाले.

लांब कुठेतरी एक गाडी गिअर बदलत गेली.

"आधीचं सांग. खरं सांग."

"पहिल्यांदा लागला. अगदी खरा लागला." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "दुसऱ्यांदा जरासा लुकलुकला. मग नाही."

"मग लागला का म्हणालीस?"

"मागून तुम्ही इतके ताठ बसलेले दिसत होतात. माझ्याच्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, आजची संध्याकाळ जाऊ दे. उद्या सांगू."

"उद्या सकाळी कुणीतरी शिकायला येऊन बसलं असतं इथे."

"बसू दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे आहे."

मास्तरांनी समोरच्या पिंपांकडे बघितलं. त्यांनी बाटली उचलून एक घोट घेतला, कारण तोंड कोरडं पडलं होतं, ते नेहमीच पडायचं.

"रिव्हर्सला फोन कर," ते शेवटी म्हणाले. "माझ्याकडे नाव घातलेली जी आहेत ती त्याच्याकडे जाऊ देत. शिक्षिकाबाई आधी. त्यांचं अर्धंच राहिलंय."

"करते."

"आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्यांनाही सांगायचंय. दुखणं थांबलंय, पण पाय ब्रेकच्या कामाचा नाही. तसंच सांगू. त्यांनी आपल्याला तसंच सांगितलं होतं."

मास्तरीणबाईंनी खाली वाकून त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरला आणि गाडीबाहेर मातीवर ठेवला. मास्तरांना तो ठेवल्याचं कळलं नाही. त्यांनी बघितलं म्हणून कळलं. मग डावा त्यांनी स्वतः काढला, काठी घेतली आणि उभे राहिले.

"मागे बसतो," ते म्हणाले.

"मागे कशाला? पुढे बसा ना."

"पुढे बसलो की पाय जायचाच ब्रेकवर. सवय आहे त्याला. आज गेलाच आणि पोहोचला तर तुझी गाडी मधेच अडेल."

मास्तरीणबाईंनी चाकाचा दगड काढला आणि मागचं दार उघडून धरलं.